घटक ५ : प्राण्यांच्या ऊती – रचना, कार्य आणि मराठीतील मांडणी

५.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला –
• प्राणिशरीरातील ऊतींचे चार मुख्य प्रकार सांगता येतील.
• प्रत्येक ऊतीची रचना तिच्या कार्याला कशी अनुरूप असते, हे उदाहरणांसह स्पष्ट करता येईल.
• ‘पेशी’, ‘स्नायू’, ‘नस’ या शब्दांच्या अर्थांतील गुंतागुंत ओळखता येईल.
• शास्त्रीय विषयावर नेमके मराठी विधान लिहिता येईल.

५.२ प्रस्तावना

मराठीच्या पदवी अभ्यासक्रमात प्राण्यांच्या ऊतींचे काय काम, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. शास्त्रीय गद्याची लक्षणे नुसती पाठ करून भागत नाही. एखादा शास्त्रीय विषय स्वतः समजून घेऊन तो मराठीत मांडून पाहिला, तरच ती लक्षणे अंगवळणी पडतात. त्यासाठी आपण असा विषय निवडला आहे, की ज्याची सामग्री प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात आणि प्रत्येकाच्या शरीरात आहे.

रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातील मुरुड हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे गाव. गावाच्या उत्तरेला थोड्याच अंतरावर हर्णै बंदर आहे. होड्या परतल्या की तेथे किनाऱ्यावरच मासळीचा लिलाव होतो. या भागात मासे कापून देणाऱ्या एखाद्या बाईचे काम लक्षपूर्वक पाहावे. मुशीच्या कण्यातून तिची सुरी सहज आरपार जाते. सुरमईच्या कण्याशी तीच सुरी अडते. बांगडा चिरला की पांढुरक्या मांसात कडेला एक काळपट तांबडा पट्टा दिसतो. माशाच्या अंगावरचा बुळबुळीतपणा चोळून चोळून काढावा लागतो. माकूल साफ करताना हाडाचा काटा कोठेच लागत नाही. या बाईने ‘ऊती’ हा शब्द कधी ऐकलेला नसेल. परंतु ऊती-ऊतींमधील फरक तिच्या हाताला पक्के माहीत आहेत.

ज्ञान हातात आहे आणि त्याचे नाव पुस्तकात आहे. या दोहोंमधले अंतर कमी करणे हे शास्त्रीय गद्य लिहिणाऱ्याचे काम होय. ते अंतर तसेच राहिले तर काय होते, हे आपण या घटकाच्या उत्तरार्धात एका दवाखान्यातील प्रसंगाच्या आधारे पाहू.

५.३ ‘ऊती’ ही संज्ञा

समान उगमाच्या, समान रचनेच्या आणि मिळून एक विशिष्ट कार्य करणाऱ्या पेशींचा समूह म्हणजे ऊती. या पेशींच्या अवतीभवती त्यांनीच निर्माण केलेले द्रव्य असते. त्याला आधारद्रव्य म्हणतात. काही ऊतींत ते नाममात्र असते, तर काहींत पेशींपेक्षा तेच अधिक असते. हा भेद लक्षात ठेवावा. पुढील सर्व विवेचनात तो उपयोगी पडेल.

संस्कृतात ‘वे’ या धातूचा अर्थ ‘विणणे’ असा आहे. ‘ऊत’ म्हणजे विणलेले आणि ‘ऊती’ म्हणजे वीण. मराठीत आपण सहज वापरतो तो ‘ओतप्रोत’ हा शब्दही याच धातूपासून आलेला आहे : उभ्या आणि आडव्या धाग्यांनी सर्वत्र विणलेले ते ओतप्रोत. ‘टिश्यू’ हा शब्दही ज्या फ्रेंच शब्दापासून आला, त्याचा अर्थ ‘विणलेले’ असाच आहे. म्हणजे मराठी संज्ञाकारांनी परकी संज्ञा नुसती उचलली नाही किंवा तिचा ध्वनी अनुसरला नाही. तिच्यातील वस्त्राची कल्पना ओळखून तिला आपल्या भाषेतील जोड शोधली.

ही कल्पना शरीरशास्त्रात रुजवण्याचे श्रेय प्रामुख्याने मारी फ्रांस्वा झाव्हिए बिशा (१७७१–१८०२) या फ्रेंच वैद्याला दिले जाते. त्याने शरीरात एकवीस प्रकारच्या ऊती असल्याचे सांगितले, आणि तेही सूक्ष्मदर्शकाचा आधार न घेता. मृत शरीराचे भाग उकळणे, वाळवणे, भिजत ठेवणे, आम्लात बुडवणे आणि प्रत्येक भाग कसा बदलतो हे पाहणे, ही त्याची पद्धत होती. सुरी, पाणी आणि विस्तव ही साधने आपल्या मासे कापणाऱ्या बाईपाशीही आहेत, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. पुढे सूक्ष्मदर्शक सुधारले, १८३८–३९ च्या सुमारास पेशीसिद्धान्त मांडला गेला आणि बिशाचे अनेक प्रकार चार गटांत सामावले : अभिस्तर, संयोजी, स्नायू आणि चेता.

लेखनाविषयी एक सूचना. ‘ऊती’ हा शब्द ‘कृती’प्रमाणे चालतो : एक ऊती, अनेक ऊती, ऊतीचा, ऊतींचा. तत्सम शब्दाचा अन्त्य इकार-उकार स्वतंत्र शब्दात दीर्घ लिहिला जातो. मात्र तोच शब्द समासाचे पूर्वपद झाला की ऱ्हस्व होतो. म्हणून अस्थी परंतु अस्थिबंध, स्नायू परंतु स्नायुरज्जू, तंतू परंतु तंतुमय. काही ग्रंथांत ‘ऊतक’ असेही रूप आढळते. एका लेखात कोणतेही एकच रूप वापरावे.

५.४ अभिस्तर ऊती

शरीराचा बाहेरचा पृष्ठभाग आणि आतील पोकळ्यांचे अस्तर अभिस्तर ऊतीचे असते. हिच्या पेशी एकमेकींना अगदी खेटून असतात, आधारद्रव्य जवळजवळ नसते आणि सर्व पेशी एका पातळ आधारपटलावर बसलेल्या असतात. सीमा राखणाऱ्या ऊतीत फटी असून चालणार नाही. पेशींच्या या घट्ट जुळणीमुळे काय आत जाईल आणि काय बाहेर राहील, यावर नियंत्रण राहते. या ऊतीत रक्तवाहिन्या नसतात. तिला पोषण आधारपटलाखालच्या ऊतीकडून झिरपून मिळते.

सीमा सगळीकडे सारखी नसते, म्हणून अभिस्तरही एकाच प्रकारचे नसते. जेथे पदार्थांची झटपट देवाणघेवाण व्हायची असते, तेथे चपट्या पेशींचा एकच थर असतो. आपल्या फुप्फुसांतील वायुकोशांची भिंत अशी आहे. माशाच्या कल्ल्यांवरील आवरणही असेच अत्यंत पातळ असते. त्याच्याखालून वाहणारे रक्त आणि वरून वाहणारे पाणी परस्परविरुद्ध दिशांनी जातात, त्यामुळे पाण्यातील अल्प प्राणवायूही मोठ्या प्रमाणात रक्तात येतो. ताजा मासा ओळखताना आपण कल्ले उचलून लाल रंग पाहतो, तेव्हा खरे तर आपण या पातळ आवरणातून आतले रक्तच पाहत असतो.

जेथे घर्षण आहे तेथे एक थर पुरत नाही. आपल्या त्वचेत पेशींचे अनेक थर असतात. खालच्या थरात नव्या पेशी तयार होतात, त्या वर सरकत जातात, त्यांच्यात केराटिन नावाचे चिवट प्रथिन साठते आणि पृष्ठभागावर येईपर्यंत त्या मृत होतात. रोज झिजणारा थर मृत पेशींचा असल्याने झीज सोसता येते. दोर ओढणाऱ्या खलाशाच्या तळहाताला पडलेले घट्टे म्हणजे घर्षणाला या ऊतीने दिलेले उत्तर आहे. माशाच्या त्वचेत मात्र सामान्यतः असा मृत थर नसतो. तिच्या बाहेरच्या पेशीही जिवंत असतात आणि त्यांच्यामधील ग्रंथिपेशी सतत बुळबुळीत द्रव स्रवतात. हा द्रव जंतूंना व परजीवींना अटकाव करतो आणि पाण्याचे घर्षण कमी करण्यास मदत करतो. हवेत वावरणाऱ्या प्राण्याला कोरडेपणापासून संरक्षण हवे असते; पाण्यातल्या प्राण्यापुढे हा प्रश्न त्या रूपात उभा राहत नाही.

आतड्याच्या अस्तरातील पेशी उंच, स्तंभासारख्या असून त्यांच्या वरच्या टोकाला सूक्ष्म बोटांसारखे असंख्य प्रवर्ध असतात. त्यामुळे शोषणाचा पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढतो. श्वासनलिकेच्या अस्तरावर हलणारे सूक्ष्म केसल असतात. ते चिकट द्रवात अडकलेली धूळ वर घशाकडे ढकलत राहतात.

स्वयं-अध्ययन प्रश्न १
(अ) अभिस्तर ऊतीत आधारद्रव्य अत्यल्प असण्याचा तिच्या कार्याशी कोणता संबंध आहे?
(आ) कल्ल्यांवरील आवरण तळहाताच्या त्वचेइतके जाड असते, तर काय झाले असते?

५.५ संयोजी ऊती

अभिस्तरात पेशी दाट आणि आधारद्रव्य विरळ, तर संयोजी ऊतीत नेमके उलट. येथे पेशी दूर दूर विखुरलेल्या असतात आणि ऊतीचा गुण त्यांच्यामधील द्रव्यावरून ठरतो. ते द्रव्य प्रवाही असेल तर रक्त, लवचीक असेल तर कास्थी, कठीण असेल तर अस्थी. रक्त आणि हाड एकाच कुळातील आहेत, हे प्रथम वाचताना विचित्र वाटते; परंतु आधारद्रव्याचे हे सूत्र लक्षात घेतले की त्यातील संगती पटते.

मुशी आणि सुरमई यांच्या कण्यांतील फरक येथे उलगडतो. सुरमईचा सांगाडा अस्थींचा आहे. अस्थीच्या आधारद्रव्यात कोलॅजेन या प्रथिनाचे तंतू आणि त्यांवर बसलेले कॅल्शियम फॉस्फेटचे क्षार असतात. तंतू ताण सोसतात, क्षार दाब सोसतात. हाड दोन-चार आठवडे व्हिनेगरमध्ये ठेवले की क्षार विरघळतात आणि ते वाकू लागते; याउलट विस्तवात चांगले भाजले तर तंतू जळतात आणि ते बोटांनी चुरता येते. यांपैकी एकच घटक असता तर हाड एकतर वाकले असते किंवा काचेसारखे फुटले असते.

मुशी, पाकट यांचा सांगाडा कास्थीचा असतो. कास्थीचे आधारद्रव्य पाणी धरून ठेवणारे, घट्ट रबरासारखे असते. मुशीच्या जबड्यात आणि कण्यात क्षार साठून काही कठीणपणा येतो, तरीही ते खरे हाड नव्हे. पुष्कळ माशांना पाण्यात तरंगण्यासाठी पोटात हवेची पिशवी असते. मुशीला ती नसते. हाडापेक्षा हलका असलेला कास्थीचा सांगाडा आणि तेलाने भरलेले मोठे यकृत यांमुळे तिचे वजन पाण्यात फारसे भारी होत नाही.

कास्थी आपल्याही शरीरात आहे : कानाच्या पाळीच्या वरच्या भागात, नाकाच्या शेंड्यात आणि सांध्यांतील हाडांच्या टोकांवर. सांध्यात ती धक्के शोषते आणि हाडांना एकमेकांवर सहज सरकू देते. बोलीत आपण म्हणतो, ‘गुडघ्यातली गादी झिजली.’ हे नाव कार्यावरून पडलेले आहे आणि ते चांगले आहे. मात्र या गादीची एक अडचण तिच्या रचनेतच आहे. प्रौढ कास्थीत रक्तवाहिन्या नसतात. हाड मोडले तर रक्तपुरवठ्यामुळे ते काही आठवड्यांत सांधू लागते. झिजलेली कास्थी मात्र सहजासहजी भरून येत नाही. रचना कार्याला अनुरूप असते याचा अर्थ ती सर्व दृष्टींनी निर्दोष असते असा नाही. जी रचना एक सोय देते, तीच दुसरीकडे किंमत घेते.

स्नायूला हाडाशी जोडणारा तो स्नायुरज्जू आणि हाडाला हाडाशी जोडणारा तो अस्थिबंध. स्नायुरज्जूत कोलॅजेनचे तंतू एकाच दिशेने, दोरखंडातील पिळांसारखे दाटीने असतात. ज्या दिशेने ओढ येते तीच त्यांची दिशा. याउलट त्वचेखालच्या ऊतीत हे तंतू अनेक दिशांनी गुंतलेले असतात, कारण तेथे ओढ कोणत्याही बाजूने येऊ शकते. चरबीयुक्त ऊतीच्या पेशीत मेदाचा एकच मोठा थेंब असतो आणि केंद्रक कडेला ढकललेले असते. पेशीचा बहुतेक सर्व अवकाश साठवणीला दिलेला असतो. रक्तातील तांबड्या पेशींची कथाही अशीच आहे. माणसाच्या पक्व तांबड्या पेशीत केंद्रक नसते, त्यामुळे हिमोग्लोबिनला अधिक जागा मिळते. किंमत येथेही आहे : ही पेशी स्वतःची दुरुस्ती करू शकत नाही आणि सुमारे १२० दिवसांत संपते. माशांच्या तांबड्या पेशींत मात्र केंद्रक असते.

प्राचीन ग्रंथांतील एक उपमा येथे आठवते. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात शरीरातील बंधनांना नावेची उपमा दिलेली आहे : अनेक फळ्या बंधनांनी नीट बांधल्या की नाव पाण्यात भार वाहते, तसे शरीर या बंधनांमुळे भार वाहते. ज्या किनाऱ्यावर होड्या बांधल्या जातात, तेथील वाचकाला संयोजी ऊतीचे कार्य समजावण्यास याहून सोपे उदाहरण मिळणार नाही. या बंधनांना सुश्रुतसंहितेत ‘स्नायू’ म्हटले आहे. हा शब्द लक्षात ठेवावा. त्याकडे आपण पुन्हा वळणार आहोत.

५.६ स्नायू ऊती

आकुंचन पावणे हे स्नायू ऊतीचे कार्य. तिच्या लांबट पेशींत ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे तंतू असतात. ते एकमेकांवर सरकले की पेशी आखूड होते. या ऊतीचे तीन प्रकार आहेत.

पहिला प्रकार पट्टकी स्नायूंचा. हे सामान्यतः हाडांना जोडलेले आणि इच्छेनुसार चालणारे असतात. यांच्या पेशी लांब दंडगोलाकार, अनेक केंद्रके असलेल्या असून सूक्ष्मदर्शकाखाली त्यांवर आडवे पट्टे दिसतात. बांगड्यातील तांबडा पट्टा आणि उरलेले पांढुरके मांस हे दोन्ही पट्टकी स्नायूच आहेत. परंतु त्यांची कामे वेगळी आहेत. तांबड्या भागात प्राणवायू धरून ठेवणारे मायोग्लोबिन आणि रक्तपुरवठा भरपूर असतो, त्यामुळे तो न थकता दीर्घकाळ काम करतो. बांगडा थव्याने सतत पोहतो, तो या पट्ट्याच्या बळावर. पांढरा भाग क्षणात जोर लावतो आणि लवकर थकतो. शत्रूपासून निसटताना तो उपयोगी पडतो.

माणसाच्या पायांतही दोन्ही जातींचे तंतू मिसळलेले असतात. मुरुडचे कर्वे तरुणपणी एका परीक्षेसाठी घाट ओलांडून साताऱ्यापर्यंत पायी गेले होते आणि वय लहान दिसते म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले गेले नाही. तो प्रवास मुख्यतः संथपणे, न थकता चालणाऱ्या तंतूंचा होता; परत फिरल्यावर पुन्हा शिकण्याचा जो निश्चय लागला, तो कोणत्या ऊतीत असतो हे मात्र शरीरशास्त्र सांगू शकत नाही.

मासा चटकन शिजतो आणि मटणाला वेळ लागतो, याचेही कारण ऊतींत आहे. जमिनीवरील प्राण्याच्या स्नायूंत कोलॅजेनयुक्त संयोजी ऊती अधिक असते. ती मऊ होऊन तिचे जिलेटिन व्हायला दीर्घकाळ उष्णता लागते. माशाचा भार पाण्याने पेललेला असतो. त्याच्या मांसातील कोलॅजेन कमी असते आणि लवकर विरघळते, म्हणून शिजलेल्या माशाच्या पाकळ्या सुटतात.

दुसरा प्रकार अपट्टकी स्नायूंचा. आतडे, रक्तवाहिन्या, गर्भाशय यांच्या भिंतींत हे असतात. पेशी चातीसारख्या, मध्ये फुगीर व टोकांना निमुळत्या, एककेंद्रकी असतात. त्यांचे आकुंचन संथ व आपल्या इच्छेच्या अधीन नसलेले असते.

तिसरा प्रकार हृदयाच्या स्नायूंचा. यात पट्टे असतात, पण तो इच्छेने चालत नाही. पेशी शाखायुक्त असून विशेष जोडांनी एकमेकींशी सांधलेल्या असतात, त्यामुळे आकुंचनाचा संदेश सर्वत्र पसरतो आणि हृदयाचे कप्पे एकदिलाने आकुंचन पावतात. कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा आणि मृत्यू ९ नोव्हेंबर १९६२ चा. मिनिटाला ७२ ठोके धरले, तर त्यांच्या हृदयाने जवळजवळ ४०० कोटी ठोके दिले असतील. पायाच्या स्नायूला विश्रांती मिळते. या स्नायूला दोन ठोक्यांमधील क्षणाशिवाय विश्रांती नाही.

५.७ चेता ऊती

संदेश ग्रहण करणे आणि वाहून नेणे हे चेता ऊतीचे कार्य. चेतापेशीचे तीन भाग असतात : केंद्रक असलेला पेशीकाय, संदेश घेणाऱ्या आखूड शाखा म्हणजे वृक्षिका आणि संदेश पुढे नेणारा लांब अक्षतंतू. कमरेच्या पातळीवरून पायाच्या बोटांपर्यंत जाणारा अक्षतंतू सुमारे एक मीटर लांब असू शकतो. एवढी लांबी दुसऱ्या क्वचितच एखाद्या पेशीला लाभते, आणि ती येथे आवश्यक आहे. कारण संदेश हातोहात अनेक पेशींतून गेला असता तर त्याला विलंब झाला असता.

या ऊतीविषयीचे मूलभूत ज्ञान माणसाला माकुलाच्या कुळातील प्राण्यांकडून मिळाले. माकूल धोका दिसताच अंगातील पाणी जोराने बाहेर फेकून मागच्या मागे निसटते. त्यासाठी अंगावरील स्नायूंना संदेश अतिशय वेगाने जावा लागतो. अक्षतंतू जितका जाड, तितका संदेश वेगवान. या कुळातील काही प्राण्यांत काही अक्षतंतू एक मिलीमीटरच्या आसपास जाड, म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसतील असे असतात. अशाच अक्षतंतूत विद्युतअग्र घालून हॉजकिन आणि हक्सली यांनी चेतासंदेशाचे विद्युतस्वरूप उलगडले. १९५२ मध्ये त्यांनी आपला सिद्धान्त मांडला आणि १९६३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. आपल्या अनेक अक्षतंतूंनी मात्र वेगाचा प्रश्न निराळ्या रीतीने सोडवला आहे : त्यांच्याभोवती मेदयुक्त वेष्टन असते, त्यामुळे बारीक तंतूतूनही संदेश वेगाने जातो.

स्वयं-अध्ययन प्रश्न २
(अ) रक्त आणि अस्थी यांना एकाच गटात का ठेवतात?
(आ) बांगड्यातील तांबड्या पट्ट्याचे कार्य सांगा.
(इ) हृदयाचा स्नायू अन्य दोन प्रकारांशी प्रत्येकी कोणत्या बाबतीत जुळतो?

५.८ एक शब्द, अनेक ऊती

समजा, बाजारात दिवसभर मासे विकणारी एक स्त्री डॉक्टरांना सांगते, ‘पायाची नस दुखते.’ तिचे म्हणणे खरे आहे. पण ते कोणत्या ऊतीविषयी आहे? पायावरील फुगलेल्या, निळसर रक्तवाहिनीला ती नस म्हणत असेल. कमरेपासून पायापर्यंत वीज चमकल्यासारखी कळ येते आणि मुंग्या येतात, तिलाही नसच म्हणतात. तेथे संबंध चेतातंतूंशी असतो. आणि पोटरी आखडली किंवा टाचेमागचा स्नायुरज्जू दुखावला, तरी नसच. उपचार मात्र तिन्हींचे निराळे.

‘नस’ हा शब्द अशुद्ध किंवा अडाणी आहे, असे समजणे ही भाषाभ्यासकाची चूक ठरेल. शरीरात दोरीसारखे हाताला लागते ते सर्व नस : हा शब्द स्पर्शावरून आणि आकारावरून पडलेला आहे. शास्त्रीय संज्ञा रचना आणि कार्य यांवरून पडते. दोन्हींची वर्गीकरणाची तत्त्वे भिन्न आहेत, इतकेच. म्हणून जाणता डॉक्टर रुग्णाचा शब्द खोडून काढत नाही. ‘मुंग्या येतात का? उभे राहिल्यावर फुगते का? पाय ताणल्यावर दुखते का?’ असे विचारून तो त्या शब्दाचा अर्थ निश्चित करतो. आरोग्यविषयक पत्रक लिहिणाऱ्यानेही हेच करावे.

गोंधळ केवळ बोलीतच आहे असे नाही. सुश्रुतसंहितेत पेशी म्हणजे मांसाचा गोळा. तेथे अशा ५०० पेशी मोजल्या आहेत. स्नायू म्हणजे बांधणारे दोर. ते ९०० सांगितले आहेत. आधुनिक मराठीत ‘पेशी’ म्हणजे सजीवाचा सूक्ष्म मूलघटक, आणि ‘स्नायू’ म्हणजे पूर्वीची पेशी! हिंदीत मात्र मूलघटकाला ‘कोशिका’ म्हणतात आणि ‘मांसपेशी’मध्ये पेशीचा जुना अर्थ टिकून आहे. बंगालीत ‘स्नायू’ हा शब्द चेतातंतूसाठी वापरतात. तेव्हा एखादा विद्यार्थी हिंदी पुस्तक, आयुर्वेदाचा ग्रंथ आणि मराठी पाठ्यपुस्तक शेजारी ठेवून अभ्यास करू लागला, तर एकाच शब्दाने तो तीन निरनिराळ्या ऊतींकडे जाईल. म्हणून शास्त्रीय लेखनात संज्ञा प्रथम येताच तिची व्याख्या द्यावी आणि शेवटपर्यंत तोच अर्थ राखावा.

५.९ ‘साठी’ आणि ‘मुळे’

पुढील दोन विधाने पाहा.
(१) मुशीला तरंगता यावे यासाठी तिचा सांगाडा कास्थीचा बनला.
(२) मुशीचा सांगाडा कास्थीचा असतो. कास्थी हाडापेक्षा हलकी असल्यामुळे मुशीला तरंगून राहण्यास मदत होते.

पहिल्या विधानात हेतू आहे. कोणीतरी आधी गरज ओळखली आणि मग सांगाडा घडवला, असे ते सुचवते. दुसऱ्या विधानात कार्यकारणसंबंध आहे. सजीवांत आनुवंशिक भेद निर्माण होतात, त्यांतील जे जगण्यास व प्रजननास उपकारक ठरतात ते पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. त्यातून रचना आणि कार्य यांचा मेळ पडतो. त्यामागे पूर्वयोजना मानण्याची गरज नसते. ‘साठी’ हा शब्द शास्त्रीय गद्यात निषिद्ध नाही. ‘हृदय रक्त ढकलण्यासाठी आकुंचन पावते’ असे आपण संक्षेपाने म्हणतो, आणि या घटकातही तसे प्रयोग आपल्याला सापडतील. मात्र उत्पत्तीचे कारण सांगताना तो वापरला तर विधान बिघडते.

असे विधान लिहिताना तीन पायऱ्या सांभाळाव्यात : रचना कशी आहे, त्यामुळे काय घडते आणि त्यातून कोणते कार्य साधते. जमल्यास चौथी पायरी जोडावी : या रचनेची किंमत कोणती? कास्थीच्या आणि तांबड्या पेशीच्या बाबतीत आपण ती पाहिली.

५.१० सारांश

प्राणिशरीरातील ऊती चार प्रकारच्या आहेत. अभिस्तर ऊती सीमा राखते. तिच्या पेशी दाट असतात. संयोजी ऊती जोडते, आधार देते, साठवते आणि वाहून नेते. तिचा गुण आधारद्रव्यावरून ठरतो. स्नायू ऊती आकुंचन पावते, चेता ऊती संदेश नेते. प्रत्येक ऊतीत रचना व कार्य यांचा मेळ असतो आणि त्या मेळाला मर्यादाही असतात. बोलीतील शब्द स्पर्श, आकार वा उपयोग यांवरून पडतात. संज्ञा रचना व कार्य यांवरून. दोहोंची ओळख असलेला लेखकच शास्त्र मराठीत नीट पोहोचवू शकतो.

५.११ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

१. (अ) आधारद्रव्य अत्यल्प असल्यामुळे पेशी खेटून राहतात, फटी उरत नाहीत आणि सीमेवर नियंत्रण राहते. (आ) पाण्यातील प्राणवायू जाड थरातून पुरेसा व पुरेशा वेगाने रक्तात पोहोचला नसता आणि मासा गुदमरला असता.
२. (अ) दोन्हींत पेशी विखुरलेल्या असून गुणधर्म आधारद्रव्यावरून ठरतात. (आ) न थकता दीर्घकाळ पोहण्यास शक्ती पुरवणे. (इ) पट्ट्यांच्या बाबतीत पट्टकी स्नायूशी आणि इच्छेच्या अधीन नसण्याच्या बाबतीत अपट्टकी स्नायूशी.

५.१२ स्वाध्याय

१. ‘संयोजी ऊतीची ओळख तिच्या पेशींपेक्षा आधारद्रव्यावरून पटते.’ सोदाहरण स्पष्ट करा.
२. ‘हाडे कठीण बनली, कारण शरीराला आधार हवा होता.’ या विधानातील दोष सांगून ते पुन्हा लिहा.
३. टीपा लिहा : (अ) ‘ऊती’ या संज्ञेची व्युत्पत्ती (आ) ‘पेशी’ शब्दाचे अर्थांतर.

५.१३ उपक्रम

१. कोंबडीचे एक बारीक हाड स्वच्छ करून व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. दर दोन दिवसांनी ते वाकवून पाहा आणि दिसलेला बदल पाच वाक्यांत नोंदवा. नोंदीत ‘साठी’ हा शब्द वापरू नका.
२. आपल्या परिसरातील मासे किंवा मटण विकणारे, सुईण, मालिश करणारे यांच्याकडून शरीराच्या भागांची दहा बोलीनामे मिळवा. प्रत्येक नाव आकारावरून, स्पर्शावरून की उपयोगावरून पडले असावे, ते त्यांनाच विचारा. त्यांचे उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहा आणि त्यापुढे पाठ्यपुस्तकातील संज्ञा लिहा. जेथे जोड जमत नाही ती जागा रिकामी सोडा. संपर्कसत्रात चर्चा त्या रिकाम्या जागांपासून सुरू करायची आहे.